बुरुलला वास सोसत नाही

सुसामीर, वरचं कुरण
८ जून

बुरुल, माझ्या सोन्या,

झोल्दोशची शहरात जाणारी गाडी खाली उभी आहे आणि मेला सारखा भोंगा वाजवतोय, म्हणून भरभर लिहिते. इथे वर फोन लागत नाही हे तुला ठाऊकच आहे. टेकडीवर चढून सिग्नलची एखादी रेघ आलीच तर मी तोंड उघडेपर्यंत ती गायब. शिवाय एसेन म्हणाला की तुझं तोंड आतून सगळं सोललंय, तुला बोलवत नाही. मग लिही. हातांना तर काही झालं नाही ना? नवरा शहाणा असला तरी त्याच्याकडून बायकोची तब्येत कळत नाही, त्याला विचारलं की 'ठीक आहे' एवढंच म्हणतो.

कॅनमध्ये कुमिस आहे, करड्या घोडीच्या दुधाचं, चांगलं घुसळून आंबवलेलं. रोज तीन वाट्या पी. फडक्यात बांधलंय ते मेंढीच्या शेपटीकडचं मटण, चरबी मुद्दाम जास्त ठेवलीय. डॉक्टर शिरेतून विष घालतात, ते धुऊन काढायला आपलं अन्न पोटात जायला नको? छाती कापून काढली ती काढली. आता ते सहा डोस आहेत म्हणे, दोन झाले. सहाच्या सहा घ्यायचे. मध्येच सोडलंस तर मी तिथे येऊन तुझी वेणी धरून दवाखान्यात नेईन.

वेणी नाही म्हणा आता. असू दे, कान धरीन.

आई गेली तेव्हा तू केवढीशी होतीस. थोरली बहीण म्हणून तुला मी वाढवलंय, ते चव्वेचाळिसाव्या वर्षी मातीत घालायला नाही.

तुझी एजे,
उलकान


बिश्केक
११ जून

उलकान एजे,

सगळं व्यवस्थित पोचलं. कुमिस छान होतं. मटणही छान होतं, एसेनला तर फारच आवडलं. तुझ्या खाण्यानं अंगात थोडी ताकद आल्यासारखं वाटतं. तोंड आता बरं आहे.

सहाही डोस घेईन, काळजी करू नकोस. एसेननं काढलेला फोटो सोबत ठेवलाय, म्हणजे तुझी खात्री पटेल. शिवणकाम सध्या बंद ठेवलंय, शाळेच्या गणवेशांची मागणी दुसऱ्या बाईकडे दिली.

एवढं पाठवत जाऊ नकोस, तुला त्रास होतो.

तुझी,
बुरुल


सुसामीर
२० जून

अगं बाई माझे!

फोटो बघितला आणि मी तशीच धावत शेजारच्या तंबूत, त्यांच्या युर्तमध्ये गेले दाखवायला. काय गाल वर आलेत तुझे! लग्नातसुद्धा इतकी भरलेली नव्हतीस. म्हटलं बघा, दवाखाना दवाखाना करता, पण खरं औषध कुणाचं? आमच्या करड्या घोडीचं! सगळ्या बायका डोळ्यांत पाणी आणून फोटोला हात लावत होत्या. एकीनं तर त्यावर लोण्याचं बोटच उमटवलं.

'पाठवू नकोस' म्हणे. आता तर दुप्पट पाठवणार. यावेळी दोन कॅन आहेत, आणि बरणीत अस्वलाची चरबी. शिकाऱ्याच्या किती विनवण्या केल्या तेव्हा मिळाली. सकाळी उपाशीपोटी एक चमचा, गरम चहात विरघळवून. वरून लगेच दुसरं काही पिऊ नकोस.

आणि ऐक. तुला गुण येतोय असं दिसलं, तेव्हा मी माझ्या नवऱ्याशी बोलले. साग्यन म्हणाला, मग अर्धवट कशाला सोडायचं, फुप्फुसही मारून टाकू. तिसऱ्या डोसानंतरच्या आठवड्यात तो बोकड घेऊन उतरतोय, बरोबर भावकीतले चार-पाच जण असतील. आईनं तुला गोवर झाला तेव्हा केलं होतं, आठवतं? बोकडाचं गरम फुप्फुस अंगावर थापटलं की आजार त्यात उतरतो. बहिणीचा नवरा, तुझा जेझदे, एवढा लांबून येणार, त्याचा मान ठेव. तोंड वाकडं करू नकोस.

उलकान


बिश्केक, दवाखाना
५ जुलै

एजे,

मी दवाखान्यात आहे, तापानं फणफणले म्हणून इथे आणलं. आज पहिल्यांदा उशीला टेकून बसता आलं, आणि आता मी तुला सगळं खरं लिहिणार आहे. रागव, काय करायचं ते कर.

तुझ्या पत्रालासुद्धा चरबीचा वास येतो. मागचं पत्र मी खिडकीबाहेर हात लांब करून वाचलं. खाली बसलेली म्हातारी ओरडली, कचरा टाकू नकोस म्हणून.

ते गाल नाहीत, सूज आहे. उलटी थांबवायला ज्या गोळ्या देतात त्यांची सूज. तोंड बरं नव्हतं. पाणी प्यायलं तरी काचा गिळल्यासारखं व्हायचं. आणि चव? जिभेवर सतत जुनं नाणं ठेवल्यासारखं वाटतं. पावाला नाण्याची चव, चहाला नाण्याची चव, स्वतःच्या थुंकीलाही तीच.

तुझ्या कुमिसचं पहिल्या दिवशी बूच उघडलं आणि मला बेसिनपर्यंतही जाता आलं नाही. एसेनच्या बुटांत ओकले. त्यानं बूट धुतले, वाळवले, तेच घालून कामावर गेला. मग मी नाकाला ओला टॉवेल बांधला आणि कॅन संडासात ओतला. पुढचे दोन्हीही तिथेच. मटण एसेननं जिन्यात उभं राहून खाल्लं. अस्वलाची बरणी मी उघडलीच नाही. डॉक्टरीणबाईंनी तर पहिल्याच दिवशी बजावलं होतं की कच्च्या दुधाचं काहीही चालणार नाही, रक्तात लढायला काही उरलेलंच नसतं म्हणून. ते तुला कळवायचं मला धाडस झालं नाही. 'छान होतं' असं लिहिलं, आणि त्या एका वाक्याची फळं भोगते आहे.

जेझदे आले. मागच्या अंगणात, गॅरेजांच्या रांगेपाशी बोकड कापला. इमारतीतले सगळे गॅलरीत येऊन बघत होते. मला पाठमोरी बसवली, डोक्यावरचा रुमाल काढला. एजे, माझं डोकं! तिथे एक केस नाही, कातडीला पुटकुळ्या. त्यावर ते वाफाळतं, फेसाळ, गुलाबी फुप्फुस आपटलं. मग मानेवर, मग पाठीवर, मग पुढून टाक्यांच्या जागेवर. रक्ताचा एक थेंब ओघळून ओठात आला. सोललेल्या तोंडात बोकडाचं कोमट रक्त! जेझदे म्हणत होते, "जा, निघ, हिला सोड." मला वाटलं मलाच सांगताहेत. मी उठायला लागले तर दोघांनी खांद्याला धरून खाली बसवलं.

नको म्हणता आलं नाही. कसं म्हणणार? मीच लिहिलं होतं ना की तुमच्या औषधांचा गुण येतो. नंतर सगळे जेवायला बसले. अख्ख्या घरात उकडत्या मटणाचा वाफारा, पडदेसुद्धा ओलसर झाले. एकेक जण उठून माझ्या तोंडाशी तुकडा आणत होता, "ओठाला तरी लाव, बुरुल, परतवू नकोस." मी लावत होते. लावून हातरुमालात थुंकत होते.

मग ताप चढला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की नक्की कशानं ते सांगता येणार नाही, पण त्या फुप्फुसानं बरं होणं शक्य नव्हतं. असं म्हणताना त्यांनीही नाक मुरडलं.

सगळ्यात वाईट ऐकायचंय? मला माझीच किळस येते. डोस झाला की दोन दिवस लघवी लाल होते. नखं काळी पडलीत. घामाला औषधाचा वास, कपडे तीनदा धुतले तरी जात नाही. सार्वजनिक स्नानगृहात जाणं बंद केलं, बायका बाक सोडून उठतात. एसेन म्हणतो, "कुठे वास येतोय? काही नाही येत." आणि हे म्हणताना त्यानं श्वास रोखून धरलेला असतो. मला दिसतं ना ते! शेजारीण म्हणते, "किती छान दिसतेस." एसेनची भाची म्हणते, "टक्कल शोभतं तुला." सगळे गोड गोड बोलतात आणि दोन हात लांब बसतात. त्यांच्या गोड बोलण्याचीही मला आता किळस यायला लागलीय.

चौथा डोस चौदा तारखेला होता, तापामुळे अठ्ठावीसला ढकललाय. मी जाणार नाही. अशा घाणीत राहून जगण्यापेक्षा स्वच्छ मरू दे मला.

बुरुल


सुसामीर
१० जुलै

बुरुल,

तुझं पत्र दोनदा वाचलं.

पांढरं तू संडासात ओतलंस. आपल्यात दूध जमिनीवर सांडलं तर कुणाचा पाय पडू नये म्हणून पोरंसुद्धा उडी मारून जातात. तू कॅनच्या कॅन तिथे ओतलेस. मी पहाटेच्या थंडीत बोटं बधिर होईपर्यंत धारा काढत होते, तुझ्यासाठी. कुत्र्याला घातलं असतंस तरी मला एवढं लागलं नसतं.

चालणार नव्हतं तर सांगायचं होतंस. मी काय डॉक्टरीणबाईंशी भांडायला आले असते? आले असते कदाचित. पण मग ऐकलं असतं.

साग्यन तीन दिवस जेवला नाही. आपण बुरुलला आजारी पाडलं म्हणतो. त्याला काय सांगू?

आणि किळस किळस काय लावलंयस? हे शहराचे नखरे. मी घोडीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून मेलेलं शिंगरू ओढून काढलंय. सासऱ्यांच्या पाठीच्या जखमेतले किडे वेचलेत. मला कधी कशाची किळस आली नाही. माणसाला जगायचं असलं की किळस बाजूला ठेवता येते.

अठ्ठावीसला जायचं. बस्स.

उलकान


बिश्केक
१६ जुलै

एजे,

जेझद्यांना सांग, माझा त्यांच्यावर राग नाही. खरंच नाही.

कुमिसचं मात्र काय सांगू? चुकले. पण पुन्हा समोर आलं तर पुन्हा तेच करीन. माझ्या हातात नाही ते.

तुला कशाची किळस येत नाही म्हणतेस. मग तुला कळणारही नाही. शिंगरू बाहेर काढलंस, हात धुतलेस, झालं. मी हात कुठे धुऊ? घाण बाहेर नाही, ती मीच आहे.

कालच घरी आले. उद्यापासून जेवढे दिवस उरलेत तेवढे घरात बसून काढीन. डॉक्टरीणबाईंना अजून सांगितलं नाही, एसेनलाही नाही. फक्त तुला सांगितलंय. झोल्दोशच्या हाती काही पाठवू नकोस. माणसंही पाठवू नकोस.

बुरुल


सुसामीर
३० जुलै

बुरुल,

कोणत्या तोंडानं लिहू?

तू काही पाठवू नकोस म्हणालीस, म्हणून सत्तावीसला मीच उठून आले. ठरवून आले होते की तुला कान धरून दवाखान्यात बसवायचं आणि मगच परत फिरायचं. न सांगता आले म्हणजे तुला कुठे लपता येणार नाही. चरबी नको, धूर नको, म्हणून उतरल्याबरोबर आधी स्नानगृहात गेले. कातडी लाल होईपर्यंत घासली. अंगावरचे कपडे पिशवीत कोंबून झोल्दोशच्या गाडीत टाकले आणि बाजारातून घेतलेला नवा कोरा झगा घातला. आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या दारात रिकाम्या हातानं उभी राहिले. साधा पाव नाही, खडीसाखर नाही. लाजेनं जिन्यात दोनदा मागे फिरले.

तू दार उघडलंस. मी तुला मिठी मारली. आणि काय झालं ते तुला माहीत आहे.

मला वाटलं नव्हतं गं. तू लिहिलं होतंस, तरी वाटलं नव्हतं. जळलेल्या वायरीचा आणि कुजक्या अंड्याचा वास एकदम येईल असं कुणाला वाटेल? आणि तुझ्या त्या काळ्या नखांनी माझा गाल कुरवाळलास. तोंडातून निघून गेलं, "शी! शी गं बुरुल! किती घाण येतेय तुला!" आणि मग ते झालंच. तुझ्या पायपुसण्यावर, नव्या झग्यावर, तुझ्या पायांवर. जिनं किडे वेचले ती मी, माझ्या लेकरासारख्या बहिणीवर ओकले.

मी तोंड वर करून बघितलंच नाही तुझ्याकडे. तशीच पळाले. तू मागून काहीतरी ओरडत होतीस. मला वाटलं रडते आहेस. झोल्दोशला म्हटलं, चल, मागे बघू नकोस. घाटात दोनदा गाडी थांबवावी लागली.

आजारी माणसाला कुणी शी म्हणतं? शत्रूसुद्धा म्हणत नाही. सगळं जग तुला सांभाळून घेत होतं आणि मी, जिला तू एकटीला खरं लिहिलंस, तीच तुझ्या तोंडावर बोलून आले. आधीच तू जाणार नव्हतीस. आता माझ्यामुळे नक्कीच गेली नसशील. एसेनला विचारायला टेकडीवर गेले होते, पण नंबर लावायची हिंमत झाली नाही.

अठ्ठावीस तारीख गेली. काय झालं ते लिही. शिव्या दे, पण लिही. झोल्दोशला मी उत्तर घेतल्याशिवाय परत येऊ नकोस असं सांगितलंय.

उलकान


बिश्केक
४ ऑगस्ट

वेडे एजे,

झोल्दोश बिचारा दाराशी बसलाय, उत्तर घेतल्याशिवाय हलत नाही. त्याला आत ये म्हटलं तर नको म्हणतो. तू त्याला काय सांगितलंयस देव जाणे, नाकावर हात ठेवूनच वर आला.

मी गेले होते. चौथा डोस झाला.

आता बस आणि नीट ऐक. मी रडत नव्हते गं, हसत होते! तू जिन्यातून धडाधड उतरत होतीस आणि मी तुझ्या ओकारीत उभी राहून दाराला धरून हसत होते. ओठ फाटले, हनुवटीवर रक्त आलं, तरी थांबेना. एसेन धावत आला, त्याला वाटलं मला झटका आला. मी त्याला म्हटलं, "एजे म्हणाली मला घाण येते!" तो फडकं आणायला वळला. मग म्हणाला, "येते." मी म्हटलं, "किती?" म्हणाला, "फार. मी गच्चीवर जाऊन श्वास घेतो." आणि हा माझा शहाणा नवरा, जो महिनेच्या महिने 'ठीक आहे' शिवाय बोलला नव्हता, तो तिथे पायपुसण्यापाशी बसून ढसाढसा रडला. मग आम्ही दोघांनी मिळून फरशी पुसली. आता तो नाकाला रुमाल बांधून शेजारी झोपतो. आधी दुसऱ्या खोलीत झोपायचा, माझी झोपमोड नको म्हणून. झोपमोड म्हणे!

एवढे दिवस मला वाटायचं की मला वेड लागलंय. मला घाण येते, आणि बाकी कुणालाच येत नाही, म्हणजे ती घाण माझ्या आतली, कधी न जाणारी. तू आलीस आणि तुलाही आली. इतकी आली की तुझ्यासारखी बाई ओकली. म्हणजे ती खरोखरची घाण आहे, औषधाची. औषध संपलं की संपेल. हे मला डॉक्टरीणबाईंनी दहा वेळा सांगितलं होतं, पण त्या हसून सांगायच्या, म्हणून खरं वाटायचं नाही.

चौथा डोस काही चांगला गेला असं समजू नकोस. अगदी गलिच्छ गेला. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं लसणाचं काहीतरी डब्यात आणलं होतं, तिला मी जे बोलले ते इथे लिहवत नाही. परवापासून जुलाबही लागलेत. बसण्याची सोय राहिली नाही, उभ्यानं लिहिते आहे. जिभेवर नाणं आहेच. किळस तसूभरही कमी झालेली नाही, एजे. ती मला एकटीलाच येण्याचं मात्र थांबलंय.

अजून दोन राहिलेत. पुढचा अठरा तारखेला. मला भीती वाटते. तू गेल्यावर जे बळ आलं होतं ते उतरायला लागलंय, आणि अठराला सकाळी उठून मी पुन्हा नको म्हणेन हे मला आत्ताच दिसतंय. एसेन मऊ आहे, मी नको म्हटलं की तो 'ठीक आहे' म्हणेल.

तू ये. काही आणू नकोस. कुमिस नाही, मटण नाही, भावकी नाही. धीर देऊ नकोस, गाल वर आलेत म्हणू नकोस. माझ्याशेजारी बस, आणि मला घाण आली की तोंडावर सांग.

तुझी,
बुरुल


सुसामीर
८ ऑगस्ट

बुरुल,

पत्र वाचून आधी मी तुला भरपूर शिव्या दिल्या. नऊ दिवस मला अन्न गोड लागलं नाही आणि ही बया हसत होती म्हणे!

घोड्या साग्यन सांभाळेल. तो म्हणाला, जा, आणि तिला सांग की मलाही त्या दिवशी फुप्फुस हातात धरून मळमळत होतं, पण भावकीसमोर कसं बोलणार?

सतराला पोचते. हात हलवत येते, लोक म्हणोत काय म्हणायचं ते. नाही म्हणालीस तर ओढत नेईन, आणि वाटेत दोघींनाही काय व्हायचं ते होऊ दे, धुवायला पाणी आहे जगात. सहावा होईपर्यंत मी हलत नाही.

आणि घाण आली की मी सांगणार. अगदी तोंडावर. पुढे केस उगवतील, तू म्हातारी होशील, दात पडतील, अंथरुणात मुतशील, तेव्हाही शेजारी बसून म्हणणार, शी बुरुल. मला ते म्हणायचंय. त्यासाठी तू असली पाहिजेस.

उलकान